निळ्या रक्ताची साक्ष

मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, की रुग्णाचे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. डॉक्टरांची खरी कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते. परका अवयव शरीराने नाकारू नये, म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दुबळी करावी लागते. एरवी आपल्याभोवती, किंबहुना आपल्या अंगावर निमूटपणे राहणारी बुरशी हीच संधी साधते. कॅन्डिडा रक्तात उतरते, तर हवेतून श्वासाबरोबर गेलेली अ‍ॅस्परजिलसची बीजे फुफ्फुसात मूळ धरतात. रुग्णाला ताप भरतो, पण तो जीवाणूंमुळे आहे, विषाणूंमुळे आहे, अवयव नाकारला जात असल्यामुळे आहे की बुरशीमुळे, हे बाहेरून ओळखता येत नाही. रक्ताचा नमुना ठेवून बुरशी उगवण्याची वाट पाहावी, तर त्यात मोलाचे दिवस जातात. खोलवर रुजलेल्या कॅन्डिडाच्या संसर्गात तर ही पद्धत निम्म्याच्या आसपास वेळा काहीच दाखवत नाही.

अशा वेळी डॉक्टर ज्या रक्तचाचण्यांचा आधार घेतात, त्यांतील एक ‘बीटा-डी-ग्लुकन’ची आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील हे शर्करायुक्त द्रव्य संसर्ग झाल्यावर रक्तात झिरपते. त्याचा माग काढण्याचे काम करतो तो समुद्रातल्या एका अतिप्राचीन प्राण्याच्या निळ्या रक्ताचा अर्क. त्या रक्ताचे हे सामर्थ्य प्रथम ओळखणाऱ्या अमेरिकी संशोधकाचे नाव फ्रेडरिक बॅरी बँग. विशेष म्हणजे, बँग यांनी हे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्यासमोर ना प्रत्यारोपणाचा रुग्ण होता, ना बुरशी. त्यांना केवळ एका प्राण्याचा आजार समजून घ्यायचा होता.

बँग यांचा जन्म १९१६ सालचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३९ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. रुग्णालयात स्थिरावण्यापेक्षा त्यांना रोग होतो कसा आणि टळतो कसा, याचे कुतूहल अधिक होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराबरोबर पॅसिफिकच्या आघाडीवर गेले. न्यू गिनीमध्ये हिवतापाने सैन्य जेरीस आले होते. तेथे घरांच्या आतील भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप रोखता येतो का, याच्या अभ्यासात त्यांनी भाग घेतला. फिलिपाइन्समधील लेटे बेटावर गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगाच्या पाहणीतही ते होते. माणूस, डास, गोगलगाय आणि पाणी यांच्या परस्परसंबंधातून रोग घडतो, याचे भान त्यांना या आघाड्यांवर आले आणि ते पुढे आयुष्यभर टिकले.

युद्धानंतर बँग विषाणूंकडे वळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे साधन तेव्हा नवेच होते. कोंबड्यांना होणाऱ्या न्यूकॅसल रोगाच्या विषाणूचे रूप या साधनाने न्याहाळणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना होते. हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्यासमवेत त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर विषाणूंचे परिणाम अभ्यासले. हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातील पेशींपासून ‘हेला’ ही जगप्रसिद्ध पेशीमालिका वाढवणारे गे ते हेच. १९५० च्या दशकात बँग यांच्याकडे हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील रोगजीवशास्त्र विभागाचे प्रमुखपद आले. एकीकडे खात्याचा व्याप, दुसरीकडे विषाणूंचे संशोधन, असे असतानाही उन्हाळा आला की ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा गाठत.

वूड्स होलच्या उथळ पाण्यात तो प्राणी विपुल होता. घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि मागे तलवारीसारखे शेपूट असलेला हा ‘हॉर्सशू क्रॅब’. शास्त्रीय नाव लिम्युलस. सोयीसाठी त्याला नालखेकडा म्हणता येईल, पण तो खरा खेकडा नव्हे. कोळी आणि विंचू यांचा तो दूरचा भाऊबंद. चव्वेचाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ त्याच्या कुळाने पृथ्वीवरील अनेक महासंहार पचवले. त्याच्या रक्तात आपल्यासारखे लोह नसून तांबे असलेले प्रथिन असते, म्हणून ते हवेच्या संपर्कात निळे दिसते. माणसाची प्रतिकारयंत्रणा गुंतागुंतीची आहे. तिथे पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार आणि प्रतिद्रव्ये असतात. नालखेकड्याच्या रक्तात मात्र मुख्यत्वे एकाच प्रकारच्या पेशी. जीवाणूंनी भरलेल्या गाळात राहूनही हा प्राणी टिकतो कसा, हा प्रश्न बँग यांना पडला.

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी समुद्राच्या पाण्यातील जीवाणू नालखेकड्यांच्या रक्तात टोचले. बहुतेक जीवाणूंचा फारसा परिणाम झाला नाही. एका जीवाणूने मात्र प्राणी आजारी पडला आणि मेला. पाहावे तर त्याच्या रक्तवाहिन्यांत रक्त विरजण लावलेल्या दुधासारखे घट्ट झाले होते. जीवाणू उकळून मारले, तरी हाच परिणाम दिसला. म्हणजे गोठणे घडवून आणणारे द्रव्य उष्णतेला दाद न देणारे होते. ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ गटातील जीवाणूंच्या आवरणात असे एक विष असते. त्याला अंतर्विष, म्हणजे एंडोटॉक्सिन म्हणतात. १९५३ मध्ये संक्षिप्त आणि १९५६ मध्ये सविस्तर स्वरूपात बँग यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. एका सागरी प्राण्याच्या जीवाणूजन्य आजाराची ती नोंद होती. वैद्यकाच्या दृष्टीने तिचा काय उपयोग, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर ते स्वाभाविकच ठरले असते.

पुढचा टप्पा दशकभरानंतर आला. मानवी रक्ताच्या गोठण्याचा अभ्यास करणारे जॅक लेविन हे हॉपकिन्समधील तरुण रक्तविकारतज्ज्ञ बँग यांच्याबरोबर वूड्स होलला काम करू लागले. नालखेकड्याचे रक्त बाटलीत ठेवले, की पुष्कळदा ते आपोआप गोठे आणि प्रयोग फसे. काचेच्या भांड्यांवर उरलेले अंतर्विषाचे सूक्ष्म अंशही त्याला पुरेसे होते. भांडी पूर्णतः विषमुक्त केल्यावर रक्त द्रवरूप राहिले. गोठण्यासाठी लागणारी सारी सामग्री रक्तपेशींतच साठवलेली असते, हे या दोघांनी दाखवून दिले. जीवाणूचे विष जाणवताच त्या पेशी फुटतात आणि जेलीसारख्या गोळ्यात शत्रूला कोंडून टाकतात. शरीरात शिरलेल्या आक्रमकाला जागीच जखडून ठेवण्याची ही कोट्यवधी वर्षे जुनी पद्धत. १९६४ मध्ये त्यांचा या विषयावरील महत्त्वाचा निबंध आला. पेशी धुऊन, फोडून तयार केलेला अर्क अंतर्विषाच्या अत्यल्प मात्रेनेही गोठतो, हे त्यापाठोपाठ सिद्ध झाले. ‘लिम्युलस अमिबोसाइट लायसेट’ नावाच्या चाचणीचा जन्म इथे झाला.

त्या काळी इंजेक्शनची औषधे आणि सलाइन ज्वरकारी द्रव्यांपासून मुक्त आहेत का, हे ठरवण्यासाठी सशांना ती टोचून तासन्‌तास त्यांचे तापमान मोजावे लागे. नालखेकड्याच्या रक्ताच्या अर्काने हे काम परीक्षानळीत होऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये या चाचणीला परवाना दिला आणि क्रमाक्रमाने सशांची जागा तिने घेतली. आज जगात कोठेही शिरेतून औषध घेणारा रुग्ण, त्याला ठाऊक असो वा नसो, या शोधाचा लाभार्थी असतो.

वूड्स होलमधील काम चालू असतानाच बँग यांच्या आयुष्याचा दुसरा किनारा भारताला येऊन भिडला होता. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी सरकारच्या साह्याने काही विद्यापीठांनी विकसनशील देशांत वैद्यकीय संशोधन व प्रशिक्षण केंद्रे काढली. जॉन्स हॉपकिन्सचे केंद्र कलकत्त्यात सुरू झाले आणि त्याची धुरा बँग यांनी वाहिली. कलकत्ता ही पटकीची माहेरभूमी मानली जाई. पटकीचा जीवाणू विष निर्माण करतो, हे १९५९ मध्ये याच शहरात शंभूनाथ डे यांनी दाखवून दिले होते. केंद्रातील अमेरिकी आणि भारतीय डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांना नेमके किती आणि कोणते क्षार द्यावेत, याचा शिस्तबद्ध अभ्यास केला. दिलीप महालनबीस हे याच केंद्रातील डॉक्टर. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावण्यांत सलाइन संपले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन हजारोंचे प्राण वाचवले. मृत्यूचे प्रमाण तेव्हा सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस यांचे श्रेय त्यांचेच आहे. पण अशी माणसे जिथे घडतात आणि वावरतात, ती जागा उभी करणाऱ्यांत बँग होते.

बंगालमध्ये बँग केवळ प्रशासक म्हणून राहिले नाहीत. पश्चिम बंगालमधील तीन वेगवेगळ्या वस्त्यांत सर्दी-पडशाचे विषाणू कसे पसरतात, याचा अभ्यास त्यांनी केला. त्यात पत्नी बेट्सी आणि कन्या मॉली या दोघी त्यांच्यासोबत होत्या. बेट्सी बँग मूळच्या वैद्यकीय चित्रकार. पक्ष्यांच्या श्वसनरोगांवरील पतीच्या संशोधनासाठी चित्रे काढताना काही पक्ष्यांच्या नाकाची अंतर्रचना त्यांना फारच विकसित वाटली. पक्ष्यांना वास येत नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. १९६० मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहून त्याला शरीररचनेच्या पुराव्याने आव्हान दिले, पुढे १०८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतील घ्राणकेंद्राची मापेही प्रसिद्ध केली. याच बेट्सींनी बंगाली लोककथा इंग्रजीत आणल्या. त्यातली लाल भोपळ्यात बसून वाघ-अस्वलांना चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट मॉलीच्या चित्रांसह १९७५ मध्ये प्रकाशित झाली. मराठी घरांत भोपळ्यातून लेकीकडे जाणारी म्हातारी परिचयाचीच आहे. वूड्स होलच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचे कुटुंब त्या म्हातारीपर्यंत येऊन पोहोचले होते, ही बाब मराठी वाचकाला सुखावणारी आहे.

माणसाचे रोग समजून घ्यायचे, तर इतर प्राण्यांचेही रोग पाहिले पाहिजेत, ही बँग यांच्या कामामागची धारणा होती. फ्रान्समधील रॉस्कॉफच्या सागरी केंद्रात ते समुद्री किड्यांच्या रक्तातील विलक्षण पेशींचे निरीक्षण करीत. उंदरांच्या विषाणूजन्य यकृतदाहात काही वाण जगतात आणि काही मरतात, यामागे अनुवंश कसा असतो, याचाही त्यांनी शोध घेतला. विषय वरकरणी विखुरलेले होते. यजमान शरीर आणि आक्रमक सूक्ष्मजीव यांची झुंज नेमकी कोणत्या क्षणी कोणाच्या बाजूने झुकते, हा प्रश्न मात्र सर्वत्र एकच होता. प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या खाटेशी डॉक्टरला पडतो, तो प्रश्नही हाच.

बँग यांचे निधन १९८१ मध्ये झाले. योगायोग असा, की याच वर्षी त्यांच्या शोधाचा बुरशीशी जोडणारा धागा जपानमध्ये हाती लागला. क्यूशू विद्यापीठातील सादाआकी इवानागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नालखेकड्याच्या रक्तपेशींत गोठण्याचे दोन मार्ग आहेत. एक जीवाणूच्या अंतर्विषाने सुरू होतो. दुसरा बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-डी-ग्लुकनने. समुद्रात जीवाणूंइतकीच बुरशीही असते, तेव्हा निसर्गाने या प्राण्याला दोन्ही शत्रूंची चाहूल घेणारी स्वतंत्र यंत्रणा दिली, यात नवल नाही. तोवर या दुसऱ्या मार्गाची कल्पना नसल्याने चाचणी अधूनमधून उगाच ‘होकार’ देई. डायलिसिसवरील काही रुग्णांच्या रक्तात जीवाणूविष नसतानाही ते असल्यासारखा निकाल येई. डायलिसिसच्या यंत्रातील सेल्युलोजच्या गाळण्यांतून ग्लुकनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, हे त्याचे कारण नंतर स्पष्ट झाले. चाचणीतला हा दोष म्हणजेच एका नव्या चाचणीचे बीज होते.

जपानी संशोधकांनी अर्कातील जीवाणूविषाचा मार्ग बंद करून केवळ ग्लुकनला प्रतिसाद देणारी चाचणी बनवली. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ओबायाशी आणि सहकाऱ्यांनी तापाच्या रुग्णांत ती वापरून खोलवरच्या बुरशीसंसर्गाचे निदान करता येते, असे दाखवले. अमेरिकेत अशी चाचणी २००४ मध्ये मान्य झाली आणि ती बनवणारी प्रयोगशाळा वूड्स होलपासून जवळच, फालमाउथ भागात आहे. त्या चाचणीत एक मिलिलिटर रक्तद्रवात ८० पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुकन आढळले, तर निकाल होकारार्थी मानतात. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म प्रमाणाची साक्ष त्या प्राचीन रक्ताने द्यावी, हे अचंबित करणारे आहे.

ही साक्ष मात्र तारतम्याने ऐकावी लागते. ग्लुकन कोणत्या बुरशीचे आहे, हे चाचणी सांगत नाही. डायलिसिसच्या काही गाळण्या, शिरेतून दिलेले अल्ब्युमिन वा इम्युनोग्लोब्युलिन आणि शस्त्रक्रियेतील कापसाची जाळीदार पट्टी यांमुळेही ती होकार देऊ शकते. आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णाभोवती नेमक्या याच गोष्टी असतात. अ‍ॅस्परजिलससाठी ‘गॅलॅक्टोमॅनन’ या दुसऱ्या द्रव्याची तपासणी आहे. पण अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांत ती रक्तापेक्षा फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात अधिक भरवशाची ठरते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. सीटी स्कॅन, प्रयोगशाळेतील वाढ आणि पुन्हापुन्हा केलेली रक्ततपासणी यांचा मेळ घालतात. चाचणीचा नकार अनेकदा होकारापेक्षा मोलाचा ठरतो. त्याच्या आधारे मूत्रपिंड व यकृत यांवर ताण आणणारी महागडी बुरशीविरोधी औषधे थांबवता येतात.

एक मर्यादा तर महाराष्ट्राने अत्यंत कटुपणे अनुभवली. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने राज्यात हजारोंना ग्रासले. अनेकांचा डोळा वा जबडा गेला, अनेकांचा जीव गेला. प्रत्यारोपणाच्या रुग्णांनाही हीच बुरशी ग्रासते. तिच्या भित्तिकेत बीटा-डी-ग्लुकन नगण्य असल्याने नालखेकड्याचे रक्त तिच्याबाबत मौन पाळते. संशयित जागेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला तिथे आजही पर्याय नाही. चाचणी नकारार्थी आली म्हणून बुरशी नाहीच, असे मानणे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आणखी एक हिशेब उरतो, तो या प्राण्याच्या ऋणाचा. दरवर्षी लाखो नालखेकडे पकडून त्यांचे काही रक्त काढले जाते आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडतात. पण त्यांतील शेकडा १५ ते ३० मरतात, असा काही अभ्यासांचा अंदाज आहे. त्यांच्या अंड्यांवर जगणारे स्थलांतरित पक्षीही त्यामुळे अडचणीत आले आहेत. जीवाणूविषाच्या चाचणीसाठी सिंगापूरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात जनुकतंत्राने कृत्रिम प्रथिन बनवले. अमेरिकी औषधकोशाने असे पर्याय औषधांच्या तपासणीसाठी २०२५ पासून ग्राह्य धरले आहेत. मात्र त्या कृत्रिम प्रथिनाला ग्लुकनची चाहूल लागत नाही, त्यामुळे बुरशीच्या चाचणीला त्याचा उपयोग नाही. ओडिशा आणि सुंदरबनच्या किनाऱ्यांवर या प्राण्याच्या दोन भारतीय जाती आहेत, याचेही भान ठेवायला हवे.

बँग यांना जीवाणूविषाच्या चाचणीचे यश पाहता आले. बुरशीच्या चाचणीचे नाही. पण दोन्हींचा उगम एकाच उन्हाळी निरीक्षणात आहे. संशोधनाच्या पैशांचा हिशेब मागताना उपयोग काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. एका आजारी जलचराच्या रक्ताला गोठताना पाहून बँग यांनी तो प्रश्न दूर ठेवला नसता, तर आज प्रत्यारोपणाच्या वॉर्डातील डॉक्टरांच्या हाती एक महत्त्वाची रक्तचाचणी कमी असती, आणि ताप कशाचा, हे ठरवण्यात कित्येक रुग्णांचे निर्णायक दिवस वाया गेले असते.